राहू द्या की जाऊ द्या

वेलांटीरावांनी घरचा लॅपटॉप मराठीत केला, हा काही गुन्हा नव्हता. पण त्या दिवसापासून त्यांच्या घरात कुणालाच मराठी कळेनासं झालं.

वेलांटीराव हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक. दुसऱ्यांची वेलांटी कुठे चुकली ते शोधायचं, ह्याचाच त्यांना पगार मिळे. सुट्टीच्या दिवशी ते हेच काम बिनपगारी करत. इमारतीच्या जिन्यात 'येथे थूंकू नये' अशी पाटी होती. तिच्यातला दीर्घ 'थू' त्यांनी खिशातल्या लाल पेनाने ऱ्हस्व केला, तेव्हा त्यांना हे नाव पडलं. थुंकणं काही थांबलं नाही, पण निदान शुद्ध झालं. आता खरं पाहता तिथे उकार होता, वेलांटी नव्हती. पण 'उकारराव' कुणाच्या तोंडात बसेना, आणि स्वतः वेलांटीरावांनी ही चूक दाखवून दिल्यावर तर नाव कायमचंच झालं.

तर लॅपटॉप. त्यात राहणाऱ्या बड्या कंपनीने एके दिवशी पडदाभर निळा रंग फासून कळवलं, की हे यंत्र आता पुढच्या आवृत्तीसाठी अपात्र आहे. नेमक्या त्याच आठवड्यात प्रकाशनसंस्थेने वेलांटीरावांना मुख्य मुद्रितशोधक होण्यास अपात्र ठरवलं होतं. एकाच आठवड्यात दोनदा अपात्र! लॅपटॉपबद्दल त्यांना एकदम भावासारखी माया दाटून आली.

"आपण ह्या कंपनीलाच घराबाहेर काढू," ते म्हणाले.

"काढा," वहिनी म्हणाल्या. "फक्त रविवारी माझा वर्ग आहे, तेवढं लक्षात ठेवा."

वहिनींचा वर्ग ही साधी गोष्ट नव्हती. लग्नाआधी त्या शिवणकाम शिकवायच्या. मग घर, मग पोरगी, मग पोरीचं शिक्षण, असं करत ते राहून गेलं, ते गेलंच. आता पोरगी दूरच्या गावी नोकरीला लागली आणि वहिनींनी ठरवलं, की लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसून शिकवायचं. वीस-बावीस बायकांनी नावं दिली होती. पहिलाच धडा बाहीचा. बाही जिथे जोडतात त्या मुंढ्याची गोलाई ज्या बाईला साधली, तिला जगात काहीही शिवता येतं, असं वहिनींचं मत होतं. गेला महिनाभर त्या झोपेतही हवेत कात्री चालवत होत्या.

कंपनीला बाहेर काढायचं काम मेहुण्याकडे आलं. मेहुणा लिनक्सवाला, म्हणजे कुठल्याच कंपनीच्या मालकीची नसलेली फुकट प्रणाली वापरणारा. लोक ताईत बांधतात तसा तो गळ्यात पेनड्राइव्ह बांधून हिंडे. बड्या कंपन्यांचं नाव काढलं की त्याला शिंका येत. तो आला, पेनड्राइव्ह खुपसला, आणि तासाभरात कंपनी घराबाहेर, लिनक्स घरात. इथवर सगळं कसं सुरळीत होतं. मग त्याने विचारलं, "भाषा कोणती ठेवू, भावोजी? इंग्रजी ना?"

"का? मराठी नाही त्यात?"

मेहुण्याचा चेहरा पडला. "आहे... पण मराठीत कुणी ठेवत नाही."

"कुणी म्हणजे कोण?"

"मराठी लोक."

एवढं ऐकल्यावर वेलांटीराव थांबणं शक्यच नव्हतं. मेहुण्याने फार विनवण्या केल्या. ताईचा वर्ग आहे, नंतर बघू, असं म्हणून पाहिलं. पण मेहुण्याचं ऐकलं तर तो मेहुणा कसला आणि भावोजी कसले! भाषा मराठी झाली.

पहिला धक्का वहिनींना बसला. त्यांनी बाहीच्या आकृत्यांचा पेनड्राइव्ह लावला, तर पडद्यावर आलं, 'साधन आरोहित करावयाचे आहे काय?'

"अहो, आरोहित म्हणजे काय हो?"

"आरोहण म्हणजे चढणं. आरोहित म्हणजे चढवलेलं," वेलांटीराव खुशीत म्हणाले. किती दिवसांनी घरात कुणी शब्दाचा अर्थ विचारला होता!

वहिनींनी पेनड्राइव्ह काढून लॅपटॉपच्या डोक्यावर चढवून ठेवला आणि वाट पाहत बसल्या. काही झालं नाही. मग त्यांनी तो कपाटावर चढवला. मेहुण्याला फोन लावल्यावर कळलं, की चढवायचं म्हणजे नुसतं 'होय' दाबायचं. "मग नुसतं 'उघडू का' म्हणून विचारायला काय जातं ह्याच्या बापाचं?" वहिनी म्हणाल्या. फोनच्या पलीकडे मेहुण्याने घाईघाईने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप अडकला आणि संदेश आला, 'बालक प्रक्रिया मृत झाली आहे. पालक प्रतिसाद देत नाही.' वहिनींनी आधी लेकीला फोन केला. ती धडधाकट होती, जेवत होती, आणि आई का रडतेय हे तिला कळेना. त्यानंतर 'अनाथ काढून टाकायचे आहेत काय?' असा प्रश्न आला, तेव्हा वहिनींनी लॅपटॉपवर टॉवेल टाकला आणि शेजारी निघून गेल्या.

शेजारी दंतवैद्य राहत. ते टॉवेल बाजूला सारून बघायला आले. तेव्हा पडद्यावर होतं, 'परवानगी नाकारली. ही क्रिया केवळ मूळ करू शकते.'

"मूळ म्हणजे रूट," दंतवैद्य लगेच म्हणाले. "रूटचा प्रॉब्लेम आहे. दुखतंय का?"

"कुणाला?"

"यंत्र गरम लागतंय हाताला. म्हणजे आत सूज असणार. मुळापर्यंत जावं लागेल, एका बैठकीत व्हायचं नाही."

एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी डोकावले. ते जिन्यातून जाणाऱ्या कुठल्याही विषयात डोकावत. 'परवानगी नाकारली' हे शब्द वाचून त्यांचा चेहरा गोरामोरा झाला. "माझ्याकडे अर्जच आलेला नाही. मग नाकारली कुणी?"

"संगणकाने," वेलांटीराव म्हणाले.

"त्याला काय अधिकार? ह्या इमारतीत परवानगी नाकारायची तर मी नाकारतो!"

वेलांटीरावांनी समजावून पाहिलं, की ही परवानगी वेगळी. पण सेक्रेटरी ऐकेनात. शेवटी ते रीतसर परवानगी द्यायला तयार झाले, पण कशाची द्यायची हे ना त्यांना कळेना, ना वेलांटीरावांना. दंतवैद्यांनी मध्येच एकदा 'आ' करायला सांगितलं. कुणाला ते स्पष्ट नव्हतं, म्हणून वेलांटीरावांनी केलं. वरची डावी दाढ किडलेली निघाली. दिवसभरात निष्पन्न झालेली ठोस गोष्ट एवढीच.

आता एखाद्याने भाषा बदलली असती. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली, त्याने वाक्य वाईट आहे म्हणून भाषाच सोडायची? वेलांटीरावांनी मेहुण्याला बोलावून घेतलं.

"हे मराठी ज्याने लिहिलंय तो माणूस कोण? मला त्याला भेटायचंय."

"भेटून काय करणार, भावोजी?" मेहुणा दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. चपला त्याने काढल्या नव्हत्या.

"'आरोहित करावयाचे आहे काय' म्हणे! हा मनुष्य घरी भूक लागली की 'उदर रिक्त झाले आहे' असं सांगतो की काय?"

"तसं नाही... म्हणजे, तरुणपणी एखाद्याचा उत्साह असतो. मुक्त सॉफ्टवेअर आहे ते. कुणालाही बदलता येतं. तुम्ही बदला ना."

वेलांटीरावांनी त्याच दिवशी भाषांतरकारांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं आणि पहिली दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं, 'आपली सूचना मराठी समन्वयकाच्या मंजुरीसाठी प्रलंबित आहे.' दुसरी पाठवली, तीही प्रलंबित. तिसरी, चौथी, सगळ्याच प्रलंबित. समन्वयकाचं नाव होतं 'पेंग्विन पहिलवान'. वेलांटीरावांनी त्याला आधी विनंती पाठवली, मग स्मरण, मग खरमरीत पत्र. त्यात 'आपणांस मातृभाषा असल्यास ती कोणती, हे कळवावे' असंही एक वाक्य होतं. पत्र धाडलं त्या दिवशी मेहुणा पुन्हा आलेला होता, आणि त्याच क्षणी दाराजवळच्या खुर्चीतून 'टुंग' असा आवाज आला.

वेलांटीरावांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने पंख्याकडे पाहिलं.

"कॉलेजात होतो तेव्हाचं आहे ते, भावोजी," तो शेवटी म्हणाला. "शब्दकोश घेऊन बसलो होतो. मला वाटलं होतं, कुणी वाचणार नाही."

"आणि 'अनाथ' रे?" आतून वहिनींचा आवाज आला.

"तोसुद्धा मीच, ताई."

मुक्त जगाची एक गंमत आहे. तिथे पद सोडायचं तर अर्ज, शिक्का, वरिष्ठांची सही असलं काही लागत नाही. मेहुण्याने उभ्याउभ्या दोन बटणं दाबली आणि वेलांटीराव मराठीचे समन्वयक झाले. म्हणजे अखिल मराठी लिनक्सचे मुख्य मुद्रितशोधक! प्रकाशनसंस्थेने नाकारलेलं पद त्यांना जगाने दिलं. जगात त्या पदाला दुसरा उमेदवार नव्हता, ही गोष्ट वेगळी.

शिवाय मेहुण्याने, पापक्षालन म्हणा हवं तर, अशी सोय करून दिली, की वेलांटीरावांनी शब्द बदलला की तो घरच्या लॅपटॉपवर पुढच्या वेळी चालू करताना आपोआप येई.

मग वेलांटीराव पेटले. त्यांचं तत्त्व सोपं होतं. यंत्राने घरातल्या माणसासारखं बोललं पाहिजे. 'आरोहित करावयाचे आहे काय' जाऊन 'उघडू का' आलं. 'बालक प्रक्रिया मृत झाली' जाऊन 'एक काम अर्धवट राहिलं' आलं. 'ठीक' ह्या बटणावर त्यांनी 'बरं' लिहिलं. राहता राहिलं 'रद्द'.

'रद्द' त्यांना मुळातच कोर्टकचेरीतला शब्द वाटे. आपण घरात 'चहा रद्द करा' असं म्हणतो का? आपण काय म्हणतो? 'राहू द्या.' झालं! जिथे जिथे 'रद्द' होतं, तिथे तिथे एका फटक्यात 'राहू द्या' झालं. किती घरगुती, किती मऊ! फाइल काढून टाकू का, राहू द्या. लॅपटॉप बंद करू का, राहू द्या. वेलांटीरावांना वाटलं, हे यंत्र आता जावयाशी बोलावं तसं बोलतंय.

वर्गाच्या आदल्या दिवशी वहिनींनी बाहीची शेवटची आकृती काढली. मुंढा, दंडघेर, उतार, सगळं मापात. आकृती बंद करताना यंत्राने आदराने विचारलं, 'केलेले बदल ठेवू का?' खाली तीन बटणं होती. 'बरं', 'नको' आणि 'राहू द्या'.

बदल ठेवू का? राहू द्या. वहिनींनी 'राहू द्या' दाबलं. आकृती बंद झाली नाही. पुन्हा बंद करायला गेल्या, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा 'राहू द्या'. असं बराच वेळ चाललं. यंत्र विचारतंय, वहिनी सांगताहेत, आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही. शेवटी वहिनी वैतागून म्हणाल्या, "नको बाई आता!" आणि त्यांनी 'नको' दाबलं.

आकृती गेली.

"मी राहू द्या म्हणत होते ना त्याला!" वहिनींचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "राहू द्या म्हणजे राहू द्या!"

"अगं, राहू द्या म्हणजे असू दे, नको, जाऊ द्या," वेलांटीराव म्हणाले.

"राहू द्या म्हणजे जाऊ द्या?"

"हो. म्हणजे 'आणखी भात वाढू का' विचारल्यावर आपण 'राहू द्या' म्हणतो, तेव्हा भात राहतो का? जातो."

"कुठे जातो? पातेल्यातच राहतो!"

वेलांटीरावांनी विचार केला. भात पातेल्यात राहतो हे खरंच होतं. चाळीस वर्षांच्या व्यवसायात हा मुद्दा त्यांच्यापुढे कधी आला नव्हता.

"मग जाऊ द्या म्हणायचंय, तर जाऊ द्या लिहा!" असं म्हणून वहिनी आत गेल्या, आणि आतून कपाटाचं दार जरुरीपेक्षा जोरात लागल्याचा आवाज आला.

वेलांटीराव दुखावले. पण चूक दाखवली की ती दुरुस्त करायची, हा त्यांच्या धंद्याचा नियम. ते लॅपटॉपपाशी बसले आणि जिथे जिथे 'राहू द्या' होतं, तिथे तिथे त्यांनी 'जाऊ द्या' केलं. दोनदा वाचून पाहिलं. एकही वेलांटी चुकली नव्हती.

रविवारी बैठकीच्या खोलीतलं टेबल भिंतीला लागलं. आकृती गेलीच होती, तेव्हा वहिनींनी प्रत्यक्ष कागदच कापून दाखवायचं ठरवलं. कागद म्हणून वेलांटीरावांच्या जुन्या मुद्रितांचा गठ्ठा काढला. नवी साडी नेसल्या, केस नीट केले, गळ्यात टेप टाकला. वेलांटीराव आणि मेहुणा कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने भिंतीला चिकटून उभे राहिले. ऑनलाइन बैठकीचं सॉफ्टवेअर मुक्तच होतं. म्हणजे त्यातही वेलांटीरावांचेच शब्द.

ठरल्या वेळी पडद्यावर प्रश्न आला, 'काही जणी दाराशी थांबल्या आहेत. आत येऊ द्यायचं का?' खाली दोन बटणं. 'बरं' आणि 'जाऊ द्या'.

"आल्या, आल्या!" वहिनी हरखल्या. "जाऊ द्या की आत, बिचाऱ्या कधीच्या थांबल्यात." आणि त्यांनी 'जाऊ द्या' दाबलं.

कुणी आलं नाही. पडद्यावर एकट्या वहिनीच दिसत होत्या, गळ्यात टेप, हातात कात्री, चेहऱ्यावर स्वागत. पुन्हा प्रश्न आला. पुन्हा 'जाऊ द्या'. पुन्हा कुणी नाही. स्वागताचं हसू हळूहळू आखडू लागलं.

"लाजत असतील," मेहुणा भिंतीपाशी पुटपुटला.

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. औषधाच्या दुकानात काम करणारी एक विद्यार्थिनी होती. "बाई, माझं काही चुकलं का हो?"

"नाही गं! ये ना आत."

"येणार कशी? तुम्ही सारख्या हाकलताय. इथे लिहून येतंय, 'आज जमणार नाही, कृपया राग मानू नये.' आमच्या गटातल्या दोघीतिघी तर राग मानून गेल्यासुद्धा."

वहिनींनी फोन हळूच खाली ठेवला. त्यांनी वेलांटीरावांकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि हातात कात्री होती. ह्यांतलं कशाला आधी भ्यावं, हे वेलांटीरावांना कळेना.

"'कृपया राग मानू नये' तुम्ही लिहिलंत?"

"आधी तिथे 'प्रवेश निषिद्ध' होतं गं. ते फार कठोर..."

"भावोजी, इंग्रजी करू का?" मेहुणा पुढे सरसावला. "एका मिनिटात होईल."

"मागे हो," वेलांटीराव म्हणाले. मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. प्रश्न पुन्हा आला होता. आत येऊ द्यायचं का? बरं. जाऊ द्या. ते टेबलाशी गेले. हे दोन्ही शब्द त्यांचे स्वतःचे होते. पण आता इतक्या जवळून पाहताना ते कुणी परक्या माणसाने लिहिल्यासारखे दिसत होते. 'जाऊ द्या' म्हणजे आत जाऊ द्या, की परत जाऊ द्या, की झालं ते जाऊ द्या? त्यांना आता तिन्ही अर्थ बरोबर वाटू लागले. बोट नुसतं हवेत राहिलं.

"अहो, त्या निघून चालल्यात," वहिनी अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "नुसतं बरं म्हणा. लग्न झाल्यापासून एकदा तरी मी म्हणतेय त्याला नुसतं बरं म्हणा."

वेलांटीरावांनी 'बरं' दाबलं.

आणि दार फुटावं तशा बायका आत आल्या. पडदाभर चौकोनच चौकोन, प्रत्येकात एक बाई, सगळ्या एकदम बोलताहेत. राग मानून गेलेल्याही परत आल्या होत्या. रागाचं कारण काय ते विचारायला आल्या होत्या आणि तशाच थांबल्या.

वहिनींनी डोळे पुसले, एक मुद्रित टेबलावर पसरलं, खडूने मुंढ्याची गोलाई ओढली आणि कात्री चालवली. हात जराही हलला नाही. आवाज असा लागला, की मेहुणा भिंतीपाशी ताठ उभा राहिला. त्याला वाटलं, आपल्यालाही प्रश्न विचारतील. वेलांटीरावांना टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बुटक्या स्टुलावर बसवलं होतं, यंत्र विचारेल त्याची उत्तरं द्यायला.

"बाई," एकीने विचारलं, "कागदावर ते लाल लाल कसलं आहे? तिथे टाका घालायचा का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "ते आमच्या ह्यांचं आहे. तिकडे लक्ष द्यायचं नाही."

वेलांटीरावांनी हेही ऐकून घेतलं.

वर्ग रंगला. बाही जोडली गेली, उलटी जोडली गेली, उसवली गेली, परत जोडली गेली. नेमून दिलेली वेळ संपली तरी कुणी हलेना. आणि मग टेबलाच्या कडेवरून डोकावणाऱ्या वेलांटीरावांसमोर पडद्यावर प्रश्न आला, 'वेळ संपली आहे. वर्ग बंद करू का?'

बरं. जाऊ द्या.

वेलांटीरावांना घाम फुटला. 'बरं' म्हणा असं वहिनींनी मघाशीच बजावलेलं. 'जाऊ द्या' म्हणावं तर ह्या सगळ्या जातील. की वर्ग पुढे जाईल? मेहुण्याकडे पाहिलं, तर तो बाही कशी उलटी बसते ते स्वतःच्या शर्टावर करून बघत होता. शेवटी न राहवून वेलांटीरावांनी मान वर काढली. पडद्यावर वहिनींच्या कोपराशेजारी एकदम एक टक्कल उगवलं.

"अगं, हे विचारतंय, वर्ग बंद करू का. काय म्हणू?"

वहिनी काही बोलायच्या आत पडद्यातून वीस-बावीस आवाज एकदम उसळले. अर्ध्या बायका ओरडल्या, "राहू द्या, काका!" आणि अर्ध्या ओरडल्या, "जाऊ द्या हो, काका!"

वेलांटीरावांनी एकेका चौकोनाकडे नीट पाहिलं. ह्यांच्यात कोण चुकतंय, हे त्यांना काही केल्या सापडेना. त्यांनी दोन्ही हात यंत्रावरून उचलून घेतले आणि मांडीवर ठेवले. प्रश्न तसाच पडद्यावर राहिला, आणि वर्ग पुढे गेला.